झाडं, पाणी आणि माणसं वेळापत्रकात कशी बसवायची: नागपुरात पहिला प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी बेसा रस्त्याच्या पलीकडे एका वसतिगृहाच्या बांधकामावर मी पहिल्यांदा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून उभा राहिलो. पैसे देणाऱ्या संस्थेने निविदेला चाळीस पानांचा पर्यावरण व सामाजिक व्यवस्थापन आराखडा जोडला होता. मी तो वाचला, पानोपानी सही केली आणि साइट ऑफिसच्या कपाटात ठेवला. सहा महिन्यांनी तपासणीला लोक आले तेव्हा तो पुन्हा बाहेर निघाला. कामगारांसाठी सावलीची शेड, मलबा वेगळा ठेवायच्या जागा, पाण्याचं मीटर, यातलं काहीच झालेलं नव्हतं. कंत्राटदाराने दरपत्रक पुढे केलं. "साहेब, यात लिहिलंच नाही. कुठून करू?" त्याचं बरोबर होतं. पुढचे तीन महिने आणि बराच पैसा ते निस्तरण्यात गेला.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळतो. झाडं, पाणी, धूळ, मजुरी, शेजारी यांची वेगळी फाइल करायची नाही. ते सगळं वेळापत्रकात, बीओक्यूत (कामाच्या बाबी, परिमाणं आणि दरांची यादी) आणि आर. ए. बिलात (काम चालू असताना वेळोवेळी निघणारं बिल) बसवायचं. कसं, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं बांधकामाची आहेत, कारण माझा अनुभव तिथला. तुमच्या हाती रस्ता, पाइपलाइन किंवा शाळेची दुरुस्ती असली तरी क्रम हाच चालतो.

१. आधी हद्दीच्या बाहेर फिरा

नकाशा हातात आला की आपण प्लॉटच्या चार खुंटांच्या आत बघायला लागतो. पहिला दिवस बाहेर घालवा. चारी बाजूंनी किमान अर्धा किलोमीटर पायी चाला आणि वहीत लिहा: नाला कुठून येतो, कुठे जातो. विहिरी आणि बोअर किती. शाळा, दवाखाना, विहार, मंदिर, मशीद कुठे. सकाळी मुलं कुठल्या रस्त्याने जातात. ट्रक वळणार कुठे. सखल बाजू कोणती.

सखल बाजू नागपुरात फार महत्त्वाची आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं. त्या दिवसाने शिकवलेली गोष्ट साधी आहे. प्लॉटवर मुरूम टाकून जागा दोन फूट वर घेतली, तर आधी तिथे थांबणारं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं. मलबा नाल्याच्या काठावर ढकलला, तर तो पावसात वाहून पुढच्या पुलाखाली अडकतो. म्हणून भराव टाकण्याआधी पाणी कुठे जाईल याची रेष नकाशावर काढा आणि ती आर्किटेक्टकडून तपासून घ्या.

याच फेरीत माणसांशी बोला. आमच्या प्लॉटमागच्या घरातल्या आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमच्या बोअरनं आमची विहीर आटली, त पाणी कोण देईन, बापा?" तो प्रश्न मी तसाच रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या नोंदवहीत लिहिला. बोअर मारायच्या आधी विहिरीची पातळी मोजून ठेवली आणि दर पंधरा दिवसांनी मोजत राहिलो. मेमध्ये पातळी खाली गेली तेव्हा आमच्याकडे आकडे होते. आम्ही बोअरचा उपसा कमी करून क्युरिंगसाठी (काँक्रीट ओलं ठेवण्यासाठी) टँकर लावला. आकडे नसते तर नुसतं भांडण झालं असतं.

कुठले परिणाम तपासायचे याची तयार चौकट हवी असेल तर ग्रीन प्रोजेक्ट मॅनेजमेंट संस्थेचा 'पी-फाइव्ह' मानक बघा. लोक, पृथ्वी, समृद्धी, प्रक्रिया आणि उत्पादन अशा पाच बाजूंनी तो प्रकल्प तपासायला लावतो. पण ती यादी ऑफिसात बसून भरू नका. आधी चाला, मग भरा.

२. कुठली परवानगी लागते ते पहिल्या पंधरवड्यात ठरवा

झाडं: शहरी भागात १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडायच्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. अर्ज महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे, वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे. आमच्या प्लॉटवर दोन मोठे कडुनिंब आणि एक शिरीष मध्ये येत होते. आर्किटेक्टने जिना तीन मीटर सरकवला आणि दोन्ही कडुनिंब वाचले. शिरीषाचं वय ३५ धरलं गेलं, म्हणजे ३५ झाडं आली. ती लावायला जागा कुठे, हा प्रश्न आराखडा मंजूर झाल्यावर पडला तर उत्तर सापडत नाही. म्हणून झाडांची मोजणी पहिल्या ड्रॉइंगच्या आधी करा.

मलबा: २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनुसार दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर मलबा काढणाऱ्याने काम सुरू करण्याआधी व्यवस्थापन आराखडा स्थानिक संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा असतो. काँक्रीट, माती, विटा-मसाला, आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे ठेवायचे असतात. १ एप्रिल २०२६ पासून मात्र त्यांची जागा २०२५ चे नवे नियम घेतात. त्यांत २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे.

पर्यावरण मंजुरी: बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ती आधी घ्यावी लागते, अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर. इथला नेहमीचा सापळा म्हणजे टप्पे. पहिला टप्पा १२,००० आणि दुसरा १०,००० असं दाखवून मंजुरी लागत नाही असा सल्ला देणारे भेटतात. एकाच प्रकल्पाचे तुकडे पाडले तरी तपासणीत बेरीज होते. हा सल्ला घेऊ नका.

बाकीचं थोडक्यात. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण आराखड्यात दाखवावंच लागतं. बांधकाम खर्चावरचा १ टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो. कामगार कायद्यांच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या करारातली कलमं जशीच्या तशी उतरवू नका, सल्लागाराकडून एकदा नजर फिरवून घ्या. जागा महानगरपालिकेत, सुधार प्रन्यासकडे की महानगर प्रदेश प्राधिकरणात येते हेही लेखी विचारा. हद्दीवरच्या गावांत यातच महिना जातो.

३. हंगाम वेळापत्रकावर ठेवा

बार चार्ट काढताना त्याच्या वरच्या ओळीत बारा महिन्यांचं नागपूर लिहा. माझ्या चार्टवर ही ओळ अशी असते:

- एप्रिल-मे: पारा ४५ च्या आसपास, नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस). दुपारचं काम बंद. गडचिरोली-गोंदियाकडच्या मजुरांना मोहफूल आणि तेंदूपत्त्याची ओढ.
- जूनचा दुसरा पंधरवडा: पाऊस. खोदकाम आणि भराव याच्या आधी संपवायचा.
- जुलै-ऑगस्ट: धानाची रोवणी. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडची माणसं गावी जातात.
- पोळा, तान्हा पोळा, मारबत: दोन-तीन दिवस काम नाही.
- दसऱ्याच्या सुमारास: धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात, रस्ते बंद.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: धान कापणी, दिवाळी.
- डिसेंबर: हिवाळी अधिवेशन, मोर्चे, जड वाहनांना अडथळे.

ही ओळ नसलेलं वेळापत्रक जुलैत कोसळतं, आणि मग दोष मजुरांच्या माथी मारला जातो. आमचा भंडाऱ्याचा मिस्त्री मेमध्येच सांगत होता, "साहेब, रोवणी लागली का मानसं थांबत नाई." आम्ही ऐकलं नाही. जुलैत सेंट्रिंग (स्लॅबचा साचा आणि टेकू) लागलेलं आणि माणसं सहा, अशी वेळ आली. पुढच्या वर्षी जुलैत फक्त आतलं, कमी माणसांचं काम ठेवलं. गावी जाणाऱ्यांचा हिशेब निघायच्या आदल्या दिवशी पूर्ण चुकता केला. रोवणी आटोपून बहुतेक सगळे परत आले. रोवणी ही त्यांच्या घरची वर्षभराची भाकर आहे. तिला जागा दिली की तुमचंही काम टिकतं.

४. प्रत्येक गोष्टीला बीओक्यूत ओळ, ओळीला दर

हीच खरी पायरी. "कंत्राटदाराने पर्यावरणाची योग्य काळजी घ्यावी" हे वाक्य निविदेत असून नसल्यासारखं आहे. कोणी किती काळजी घेतली, हे मोजता येत नाही आणि त्याचं बिल निघत नाही. जो कंत्राटदार प्रामाणिकपणे शेड आणि शौचालयांचा खर्च धरतो, त्याचा दर वर जातो आणि काम दुसऱ्याला मिळतं. म्हणजे निविदेची भाषाच चांगल्या माणसाला बाहेर काढते. ते टाळायचं तर या गोष्टी स्पर्धेतून बाहेर काढून सगळ्यांना सारख्या ओळी द्या. मी टाकतो त्या ओळी अशा:

विश्रांती शेड, इतके चौरस मीटर, पंखे-कुलरसह, महिन्याच्या दराने. महिला आणि पुरुष शौचालयं, रोजच्या सफाईसह, महिन्याच्या दराने. पिण्याचं पाणी, माणशी लिटरने. हिरवी जाळी आणि पत्र्याचं कुंपण, चौरस मीटरने. रस्त्यावर पाणी मारणं, फेरीच्या दराने. मलब्याची वर्गवारी आणि वाहतूक, टनाने, पोचपावती जोडूनच. उन्हाच्या सुटीचे तास, माणूस-तासाने. झाडांची देखभाल, झाड-महिन्याने.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, या ओळी 'एकरकमी' ठेवू नका. एकरकमी ठेवल्या की पहिल्या बिलात पैसे उचलले जातात आणि शेड तिसऱ्या महिन्यात गोडाऊन होते. दुसरी, आर. ए. बिलाच्या चेकलिस्टवर या ओळींचे फोटो आणि पावत्या मागा. पावती नाही तर त्या ओळीचं बिल नाही, बाकीचं बिल मात्र अडवू नका. पूर्ण बिल अडलं की त्याची झळ मजुरांच्या पगाराला बसते.

मालक म्हणेल, खर्च वाढला. त्याला खर्च लपवून सांगू नका. या ओळींची बेरीज वेगळी काढून दाखवा आणि शेजारी लिहा की हे केलं नाही तर काय होऊ शकतं: उन्हाळ्यात काम ठप्प, वृक्ष कायद्याची नोटीस, शेजाऱ्यांचा स्थगिती अर्ज. मालक कंपनी शेअर बाजारातल्या, बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांत असेल, तर तिला सेबीच्या नियमाप्रमाणे दरवर्षी शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो. तुमचे आकडे तिला हवेच असतात, हे सांगा.

५. उन्हाळा: यावर जास्तीत जास्त वेळ द्या

नागपुरातल्या साइटवर उन्हाने माणूस पडणं हा सगळ्यात खरा धोका आहे आणि तो टाळता येतो. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

कामाची वेळ एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ नंतर अंधार पडेपर्यंत ठेवा. याच्या आड लगेच आवाजाचा नियम येतो. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिनियमांत रात्र धरली जाते आणि निवासी भागात तेव्हा मर्यादा ४५ डेसिबलची असते. म्हणजे पहाटे ४ ला मिक्सर सुरू करायचा मोह टाळायचा. आम्ही पहाटे ५ पासून बिनआवाजाची कामं घ्यायचो: लोखंड वाहणं, पाणी मारणं, शटरिंगला तेल लावणं. मिक्सर ६ ला. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरांत जाऊन सांगायचो, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. आधी सांगितलेला आवाज लोक बराच सोसतात.

दुपारची सुटी दिली की काम झालं असं समजू नका. जो मजूर ठिय्यावरून (मजूर जमतात त्या नाक्यावरून) रोज येतो, त्याने ११ ते ४ कुठे जायचं? सावली नसेल तर तो पत्र्याखाली पडून राहतो आणि पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. शेडवर पत्र्याच्या वर ताट्या किंवा गवत टाका, दोन बाजू उघड्या ठेवा, कुलर लावा.

ठेक्यावर काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. लोखंड बांधणारे टनावर पैसे घेतात, थांबले की त्यांचं नुकसान. ते भर दुपारी स्लॅबवर बसलेले दिसतात आणि सुपरवायझर म्हणतो, "मी तर सांगितलं होतं." नुसतं सांगून भागत नाही. बीओक्यूतली उन्हाच्या तासांची ओळ खास त्यांच्यासाठी आहे: थांबलेल्या तासांचे पैसे मिळाले की ते थांबतात.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पूर्ण काम देऊ नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच आणि मग रोज तेवढंच वाढवायचं, हा जगभर मान्य ठोकताळा आहे. गावाहून सुटी करून आलेल्या जुन्या माणसालाही काही दिवस सांभाळूनच घ्यावं लागतं. पाणी तहान लागेपर्यंत थांबून प्यायचं नसतं, दर २० मिनिटांनी एक पेला. माठ कामाच्या जागेपासून दोन मिनिटांच्या आत हवा. स्लॅबवर काम असेल तर माठ स्लॅबवर. रेजा (बांधकामावरच्या महिला मजूर) पाणी कमी पितात, कारण शौचालय लांब किंवा घाण असतं. म्हणजे स्वच्छ शौचालय हाही उष्माघाताविरुद्धचा उपाय आहे, हे मला एका रेजानेच सांगितलं.

माणूस बडबडायला लागला, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात धरा. आधी १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. हे चार मुद्दे हिंदीत आणि मराठीत चित्रांसह शेडमध्ये लावा.

आणि मालकाला सांगायला तांत्रिक कारणही आहे. ४० अंशांच्या वर हवा तापली की भारतीय मानक ७८६१ प्रमाणे ते उष्ण हवामानातलं काँक्रीट ठरतं, त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. पाणी झपाट्याने उडतं, भेगा पडतात. सकाळचा स्लॅब माणसालाही बरा आणि काँक्रीटलाही.

६. मजुरी, बिऱ्हाड, मुलं

मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि शक्यतो बँक खात्यात. कंत्राटदाराने बुडवली तर जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून महिन्यातून एकदा पाच मजुरांना बाजूला घेऊन विचारा: किती मिळाले, कधी मिळाले, ठेकेदाराने उचल किती कापली. मस्टरवरचा (हजेरीपटावरचा) अंगठा पुरेसा मानू नका.

कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी १८ ते ६० वयाच्या कामगाराला मिळते. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला देण्याचं काम तुमचं आहे आणि तो न मिळाल्याने असंख्य लोक योजनांबाहेर राहतात. ९० दिवस भरले की मागण्याची वाट न पाहता द्या. बाहेरगावच्या कुटुंबांना सांगा की एक देश एक रेशन कार्डामुळे त्यांचं धान्य नागपुरातल्या दुकानातही मिळतं. लहान मुलांसाठी जवळच्या अंगणवाडी सेविकेला साइटवर घेऊन या. शाळेच्या वयाच्या मुलांना दाखला नसला तरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पाळणाघराची जागा कुंपणाच्या आत, पण यंत्रांपासून लांब ठेवा.

महिलांच्या छळाच्या तक्रारीसाठी समितीचा कागद नुसता भिंतीवर नको. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते, त्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रेजांना त्यांच्याच भाषेत सांगा की कुणाकडे जायचं.

७. साहित्य: जवळचं, राखेचं, पुन्हा वापरलेलं

कोराडी आणि खापरखेडा आपल्या दाराशी आहेत. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकाम करणाऱ्यांनी राखेची उत्पादनं वापरावीत असा केंद्राचा नियम आहे. राखेच्या विटा, राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट नागपुरात सहज मिळतं. पण एक अट लक्षात ठेवा, कारण इथे बरेच जण चुकतात. मिश्र सिमेंटला क्युरिंग जास्त लागतं. उष्ण कोरड्या हवेत मानक १४ दिवस सांगतं, साध्या सिमेंटला १० दिवस. वेळापत्रकात सात धरले तर काँक्रीट कच्चं राहतं आणि दोष राखेला दिला जातो. १४ दिवसांचं पाणी वाचवायचं असेल तर नळी धरून फवारण्यापेक्षा ओली पोती आणि वरून प्लास्टिक वापरा. धूळ मारायला पिण्याचं पाणी वापरू नका. शहराचं सांडपाणी प्रक्रिया होऊन वीज केंद्राला चालतं, मग आपल्या रस्त्यावर शिंपडायलाही चालतं.

फोडलेल्या काँक्रीटची गिट्टी एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या पायाखालच्या थरात पूर्ण वापरता येते, प्रबलित (लोखंड घातलेल्या) काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंत २० टक्के. ही मुभा भारतीय मानक ३८३ मध्ये आहे. सल्लागार "नको" म्हणाला तर पान उघडून दाखवा.

लहान इमारतीला हरित मानांकन घ्यायचं असेल तर २५०० चौरस मीटरपर्यंत 'स्वगृह' ही 'गृह' (GRIHA) नावाच्या हरित मानांकनाची सोपी आवृत्ती आहे. पण पश्चिमेची भिंत सावलीत नाही, गच्ची पांढरी नाही आणि दारावर मानांकनाची पाटी, असं करू नका. आधी भिंत आणि गच्ची.

८. शेजाऱ्यांसाठी वही आणि एक माणूस

गेटवर फोन नंबर लिहिलेला बोर्ड आणि तक्रार वही. वहीत चार रकाने: तारीख, तक्रार, काय केलं, त्यांना कधी कळवलं. चौथा रकाना सगळेच विसरतात. तक्रार घेणारा माणूस सुपरवायझर नको. ज्याच्या कामाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ती दिली तर दुसरी तक्रार येत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. शेजारच्या घरांच्या भिंतींचे भेगांसह फोटो खोदकामाआधी, घरमालकासमोर काढून ठेवा. काळ्या मातीत घरं दर उन्हाळ्यात तडकतात. कुठली भेग आपली आणि कुठली आधीची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

९. महिन्याला आठ आकडे, त्याहून जास्त नाही

डिझेल लिटर, वीज युनिट, पाणी किलोलिटर, बाहेर गेलेला मलबा टन. माणूस-दिवस, मजुरी दिल्याची तारीख, अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग, उघड्या तक्रारी. एवढे आठ आकडे प्रगती अहवालाच्या पहिल्या पानावर, काँक्रीटच्या घनमीटरशेजारी ठेवा. कार्बन काढायचा तर डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.६८ किलो आणि ग्रिडच्या विजेच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा.

टळलेले प्रसंग शून्य दिसत असतील तर खूश होऊ नका. लोक सांगायला घाबरतात असा त्याचा अर्थ असतो. पहिल्यांदा सांगणाऱ्याचे सगळ्यांसमोर आभार माना.

फाइलमध्ये आणि हाताशी काय असावं

- झाडांची यादी फोटो आणि घेरासह, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी
- मलबा आराखड्याची मंजुरी, प्रत्येक फेरीची पोचपावती
- लागू असेल तर पर्यावरण मंजुरी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, सहामाही अहवाल
- उपकराची पावती, मस्टर, मजुरीच्या बँक नोंदी, ९० दिवसांच्या दाखल्यांच्या प्रती
- विहिरींच्या पातळीची वही, शेजारच्या घरांचे फोटो, तक्रार वही
- पाण्याचं मीटर, डिझेलची नोंदवही, शेडमध्ये थर्मामीटर, ओआरएस, प्रथमोपचार पेटी

१०. किल्ल्या देताना

हस्तांतरणाच्या दिवशी बहुतेक टीम पुढच्या साइटवर गेलेली असते आणि पुनर्भरण खड्ड्याची जाळी कोण साफ करणार हे कुणालाच माहीत नसतं. इमारत वापरणाऱ्यांना एका सकाळी सोबत घेऊन फिरा: पुनर्भरणाचा खड्डा, सोलरचं इन्व्हर्टर, पाण्याचे व्हॉल्व्ह, झाडं. चौकीदारालाही बोलवा, कारण जाळी तोच साफ करणार असतो. मराठीत दोन पानांची सूचना लिहून पंपाच्या खोलीत लावा.

लावलेल्या झाडांची परीक्षा पहिल्या मेमध्ये होते, म्हणून देखभालीचा करार दोन उन्हाळ्यांचा ठेवा आणि सुरक्षा ठेवीतला थोडा हिस्सा त्याला बांधा. शिरीषाच्या बदल्यात आम्ही करंज, बहावा आणि कडुनिंब अशी ३५ झाडं कुंपणालगत आणि शेजारच्या शाळेच्या मैदानात लावली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मोजली तेव्हा २९ जिवंत होती. उरलेली सहा कंत्राटदाराने त्याच महिन्यात पुन्हा लावली, शाळेच्या मुख्याध्यापकांनी मोजणीच्या कागदावर सही केली आणि मग ठेव सुटली.